केतकीच्या खोलीतले रूळ

गंगापूर रोडच्या कडेला द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. सकाळी अंगात स्वेटर आणि दुपारी डोक्यावर पंखा, असे हे मधलेच दिवस. धड थंडी नाही, धड उन्हाळा नाही. फिरायला जाताना घातलेली कानटोपी परत येताना खिशात कोंबावी लागते. नाशिककर या दिवसांत खुशीत असतात, गावोगावच्या नातेवाइकांना फोन करून बोलावतात, "या, द्राक्षं आलीत." गेल्या वर्षापर्यंत मीही बोलवायचो. यंदा पहिली गाडी दिसली आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. बायको म्हणाली, "अहो, अर्धा किलो घ्या की." मी म्हटलं, "आंबट असतील अजून." चव न घेताच निकाल दिला. माझ्या खात्यात असा निकाल कोणी दिला असता तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

खातं तपासणीचं. सातपूरच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली. इतरांनी वस्तू बनवायच्या आणि मी त्यांत चुका काढायच्या, असा सरळ धंदा. माझ्या हातात मायक्रोमीटर दिसला की माणसं दोन पावलं मागे सरकत. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी यावं, असं विजू, म्हणजे माझी बायको, पहिल्या वर्षापासून सांगत आली आहे. मी पोळीची जाडी मोजतो असं ती माहेरी सांगायची. ते काही खरं नाही. मी फक्त कडा बघायचो.

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मी केतकीची खोली घेतली. केतकी आमची एकुलती एक. लग्न होऊन पुण्याला गेली त्याला तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. खोली बंदच असायची. महिन्यातून एकदा विजू तिथली जळमटं काढायची, तेवढाच तिचा वापर. त्या खोलीत मी लाकडाचा भलामोठा पाया बांधला आणि त्यावर छोटी, पण सगळी मापं प्रमाणात असलेली रेल्वे घालायला घेतली. आणि नेमकी त्याच द्राक्षांच्या दिवसांत केतकीला ती खोली हवी होती. तिने मागितली नाही. मला ते कळायला पाच आठवडे लागले. केसाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाला पाच आठवडे! वर्ष झालं आता. पण ते दिवस पुन्हा आले आणि मी या खोलीतून त्या खोलीत नुसता येरझाऱ्या घालतो आहे.

रेल्वेच का, असं पुष्कळांनी विचारलं. मी चांदवडचा. आमच्या गावाला डोंगर आहे, देवीचं देऊळ आहे, आग्रा रोडवर अखंड धावणारे ट्रक आहेत. रेल्वे तेवढी नाही. रूळ बघायचे तर मनमाडला नाहीतर लासलगावला जायचं. वडील कांदा घेऊन लासलगावला निघाले की मी गोण्यांवर चढून बसायचो. पहिल्यांदा रूळ जवळून पाहिले तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. वाकून हात लावला तर चटका बसला. मग दिसलं, एक रूळ संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे चक्क फट आहे. रूळ तुटलाय! मी धावत वडिलांकडे गेलो आणि ओरडून सांगितलं, गाडी थांबवा म्हणून. तिथले हमाल पोट धरून हसले. एक जण म्हणाला, "आरं लेका, ती फट मुद्दाम ठेवत्यात. लोखंड उन्हात वाढतं. जागा नाय ठेवली त रूळ उठून बसंल." माझ्या आयुष्यातला पहिला तपासणी अहवाल असा फेटाळला गेला. पण रुळांची जी ओढ त्या दिवशी लागली ती लागलीच.

नोकरीत कधी जमलं नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात मी टेप घेऊन केतकीच्या खोलीत शिरलो. दहा बाय बारा. तिचा पलंग खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला दिला, अभ्यासाचं टेबल गॅलरीत काढलं. कपाट भिंतीतलं, ते राहू दिलं. मग रफीकभाईंना बोलावलं.

रफीकभाई मूळचे मालेगावचे. त्यांचे वडील यंत्रमागांची लाकडी कामं करायचे, हेही त्यातच शिकले. मागांवरचं लाकूड जाऊन लोखंड आलं तसे ते नाशिकला येऊन फर्निचर करायला लागले. घरी जातात ते शुक्रवारी. बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल, आणि बोलणं इतकं कमी की माझ्यासारख्याला दोघांच्या वाटचं बोलावं लागायचं. माझा नकाशा त्यांनी जमिनीवर पसरून बराच वेळ पाहिला. भिंतीच्या दोन बाजूंनी काटकोनात वळणारा पाया, रुंदी चार फूट, खाली चौकट, आडव्या पट्ट्या, वर बारा मिलिमीटरचा प्लाय. मी त्याला बेसबोर्ड म्हणायचो, विजू टेबल म्हणायची. रफीकभाई म्हणाले, "मतलब तख्त." तेव्हापासून आम्ही सगळेच त्याला तख्त म्हणू लागलो.

डिसेंबरभर घराला लाकडाचा वास होता. मशीन पॅक करायच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड मी ओळखीने आणलं होतं. रंधा मारला की त्याची पांढरी कुरळी सालपटं उडायची, विजूच्या तुळशीत, माझ्या चहात, देवाच्या फोटोमागे. सकाळी अंगठे गारठून जायचे, स्क्रू हातात धरवत नसे. मी काटकोन पाहायला प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावायचो, प्रत्येक पट्टीवर लेव्हलची बाटली ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत रफीकभाईंना हलू द्यायचो नाही. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तख्ताचे भाग जोडायची वेळ आली तेव्हा मात्र ते थांबले.

"साहेब, इथं बोल्ट लावू. चार बोल्ट. गोंद नको."

"का?"

"कल को निकालना पडा तर? दरवाजा बघा तुमचा. तीस इंच बी नाय. एकदा जोडलं की हे बाहेर नाय जाणार."

मी हसलो. जोड म्हणजे काय, हे मला सांगणार होते हे! चौतीस वर्षांत मी जितका माल नाकारला त्यातला निम्मा जोडापाशी बिघडलेला होता. जोड ढिला होतो, जोड हलतो, जोड हलला की वरचे रूळ वाकतात. मी त्यांना चांगलं पाच मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "लकडी भी हलते साहेब. आमच्या मालेगावला मागाचं लाकूड पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. थोडी जगह ठेवावी लागते."

रविवार होता. रविवारी केतकीचा फोन येतो, आणि माझे हात गोंदाने भरलेले म्हणून विजूने तो स्पीकरवर खिडकीत ठेवला होता. पलीकडून ती म्हणाली, "काय चाललंय एवढं ठोकाठोक?"

मी ओरडून सांगितलं, "तुझ्या खोलीत रेल्वे येतेय! रफीकभाई म्हणतात बाहेर कशी काढणार. मी म्हटलं, काढायचीय कोणाला? आता ही इथेच राहणार. कायमची."

"सगळी खोली घेतलीत?"

"सगळी!"

मग ती म्हणाली, "छान आहे बाबा. चालू द्या." रफीकभाईंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गोंदाचा डबा उघडला.

जानेवारीची थंडी गेल्या वर्षी कडक होती. नदीकडून येणारं धुकं आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी यायचं. मी पहाटे उठून लोकरीचे मोजे घालून खोलीत जायचो, कारण तेव्हा हात स्थिर असतो आणि विजू झोपलेली असते. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. एकेक तुकडा हातभर लांब, लवचीक, हवा तसा वळणारा. आधी पेन्सिलने वळण आखायचं, मग कॉर्कची पट्टी चिकटवायची, मग तिच्यावर रूळ ठेवून बारीक खिळ्यांनी बसवायचे. रूळ हाताला बर्फासारखे लागायचे. टोकाला टोक भिडवून मी सगळे सांधे डाख देऊन पक्के केले. सोल्डरिंगच्या गरम टोकाखाली राळ वितळली की देवळासारखा वास सुटायचा. बोट फिरवलं तर कुठे खरचटू नये. नखाला फट लागू नये. त्या हमालाचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. पण ते उघड्यावरचे रूळ, हे घरातले, असं म्हणून मी ते उडवून लावलं.

विजूला या सगळ्याचा राग नव्हता, गंमत वाटायची. द्राक्षांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके ती वरच्या मजल्यावरून गोळा करून आणायची, कारण मला त्यांचे डोंगर करायचे होते. "तुमच्या गाडीला डब्यात बसायला माणसं कुठून आणणार?" असं विचारायची. शेजाऱ्यांना सांगायची, "आमच्याकडे स्टेशन होतंय, प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन या." मी खोके फाडत, भिजवत, लगदा करत बसायचो. त्या लगद्याला द्राक्षांचा मंद गोड वास यायचा आणि चिलटं जमायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला केतकी आली. न कळवता आली. संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं तर ही उभी, आणि बाजूला तिची ती मोठी निळी बॅग, लग्नात दिलेली. मी म्हटलं, "दोन दिवसांसाठी एवढी बॅग?" ती हसून म्हणाली, "द्राक्षं न्यायला नको का?" मी खूश. आमच्या मुलीचं विनोदी अंग माझ्यावर गेलं आहे असं मी सगळ्यांना सांगतो. बॅग उचलायला गेलो तर ती म्हणाली, "राहू द्या, जड आहे." द्राक्षं न्यायला आणलेली बॅग आधीच जड कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं डोकं तेव्हा खोलीतल्या वळणावर होतं.

तिला मी बूटसुद्धा काढू दिले नाहीत, ओढतच खोलीत नेलं. ती दारात थांबली. तख्ताच्या कडेला जेमतेम एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती. तिने कपाटाकडे हात नेला, दार चार बोटं उघडलं आणि तख्ताला अडलं. "अगं, ते आता उघडत नाही," मी म्हटलं, "काय हवंय? वाकून काठीने काढून देतो." ती म्हणाली, "काही नाही, असंच." मग मी तिच्या हातात टेपचं टोक दिलं. बोगद्याची उंची राहिली होती मोजायची.

"बाबा—"

"थांब, हलू नकोस. घट्ट धर."

"बाबा, तुम्हाला वेळ आहे का जरा?"

"वेळच वेळ. फक्त हा आकडा लिहून घेऊ दे. एकशे अठरा. विसरू नकोस, एकशे अठरा."

तिने अर्धा तास टेप धरला. मी आकडे सांगत होतो, ती ते परत म्हणत होती, लहानपणी पाढे म्हणायची तशी. आज मला त्यातला एकेक आकडा आठवतो. तिचा चेहरा कसा होता, ते आठवत नाही. मी पाहिलंच नव्हतं.

रात्री ती हॉलमधल्या दिवाणावर झोपली. सकाळी म्हणाली, ऑफिसचं काम निघालंय, आजच जाते. विजूने खूप आग्रह केला, मीही केला, पण माझा आग्रह बोगदा बघून जा एवढाच होता. मी धावतपळत खाली जाऊन पाच किलोची पेटी आणली. बॅगेत ठेवू म्हटलं तर ती म्हणाली, "बॅगेत जागा नाही." मग मी ती पेटी सुतळीने बांधून तिच्या हातात दिली. बसमध्ये ती खिडकीशी बसली, पेटी मांडीवर. मी हात हलवला. परत येताना मनात एकच विचार होता, बोगदा दोन मिलिमीटरने वाढवायला हवा.

हे लिहितानाही मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. विजू आतून म्हणाली, "बसा हो एका जागी, सगळ्या घराला चक्कर येईल." बसवत नाही त्याला काय करू? खिडकीखाली गाडीवाला ओरडतोय, त्याच्या काट्यातल्या वजनांचा खणखणाट ऐकू येतो आणि मला वाटतं, कोणीतरी मोठी बॅग घेऊन जिना चढतंय.

महाशिवरात्रीनंतर ऊन तापायला लागलं. खोली पश्चिमेची. दुपारी तीननंतर तिथे उभं राहवत नसे. एक दिवस चहा घेऊन आत गेलो तर लांबच्या सरळ पट्ट्यात रूळ बाजूला सरकलेले. खिळे उपटून, कॉर्कसकट, वेडावाकडा फुगा आलेला. शेजारचा दुसरा पट्टा तर मधोमध वर उठला होता, खालून बोट जाईल इतका. सकाळपर्यंत ठीक होतं. मी लेव्हल ठेवून पाहिली. तख्ताची एक कडा वर आली होती, पाइन सुकून आकसलं होतं, आणि रुळांना वाढायला मी कुठेच जागा ठेवली नव्हती. थंडीत टोकाला टोक भिडवलेले, डाख दिलेले, एकजीव. मी त्या दुपारी रुळांवर इतका चिडलो की चहा सांडला. मग लाकडावर चिडलो, मग ते देणाऱ्यावर. स्वतःवर चिडायची पाळी यायला चार दिवस लागले.

त्याच आठवड्यात विजूने रजया आवरायला काढल्या. दरवर्षी थंडी संपली की त्या उन्हात घालून दिवाणाच्या पेटीत जातात. मला झाकण धरून उभं केलं होतं. तिने आत हात घातला आणि एक प्लास्टिकची फाइल बाहेर काढली. उघडून बघते तर केतकीच्या मार्कशीटा, दहावीपासूनच्या सगळ्या. डिग्री. पासपोर्ट. जन्माचा दाखला. आणि एका पिशवीत गुंडाळलेल्या आजीच्या पाटल्या. वर तिची जुनी ओढणी घातलेली, सहज दिसू नये म्हणून.

विजू दिवाणाच्या कडेवर बसली. बराच वेळ तिने त्या पासपोर्टवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अहो, ती राहायला आली होती."

मी झाकण धरून तसाच उभा. आयुष्यभर मी पुरावे वाचत आलो. ओरखडा बघून कुठलं हत्यार बोथट झालं ते सांगायचो. बॅग, कपाट, टेप, "वेळ आहे का जरा", सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि मी त्यावर पास असा शिक्का मारून तिला पेटी बांधून परत पाठवलं होतं.

विजूने लगेच फोन लावला. केतकी म्हणाली, "अगं, ऑफिसात लागतील म्हणून आणले होते कागद, विसरले. पुढच्या वेळी नेते." विजूने आडून आडून विचारलं, तिने आडून आडून टाळलं. मला फोन द्यायला लागली तर मी हातानेच नको म्हटलं. काय बोलणार होतो? ये म्हणायचं, तर कुठे? हॉलमध्ये? विजू म्हणाली, "आधी बोला तिच्याशी." मी म्हटलं, "आधी खोली." अशा वेळी मला हत्याराचं काम सुचतं, बोलायचं सुचत नाही.

रफीकभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. रमजान चालू होता. त्यांनी दारातून तख्ताकडे पाहिलं, उठलेल्या रुळांकडे पाहिलं. मी म्हटलं होतं तसंच झालं, असं एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बेटी येतेय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "खोली पाहिजे."

"मलाबी दोन हायेत," ते म्हणाले आणि तोंडाला रुमाल बांधला.

आधी रूळ कापायचे होते. ते मी कापले, बारीक पात्याने. महिनाभराचं काम तासाभरात. मग त्यांनी तख्ताला करवत लावली. गोंद इतका पक्का धरला होता की जोडावर सुटेना, बाजूने कापावं लागलं. खोलीत भुसा, पंखा बंद, बाहेर ऊन मी म्हणत होतं. विजूने सवयीने दोनदा पाणी आणलं आणि दोनदा जीभ चावून परत नेलं. मी तख्ताचं दुसरं टोक धरून होतो. करवतीचा प्रत्येक झटका दंडातून खांद्यापर्यंत यायचा. मधेच ते थांबायचे, भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मी म्हटलं, "रफीकभाई, उद्या करू." ते म्हणाले, "नाय साहेब. आज मोकळं करू."

चार तुकडे झाले. सूर्य कलता कलता शेवटचा तुकडा आडवा करून दारातून गेला आणि खोली एकदम उघडी पडली. फरशीवर तिच्या पलंगाच्या पायांचे चार डाग तसेच होते. विजूने खजूर आणि धुतलेली द्राक्षं आणून त्या फरशीवर ठेवली. लांबून अजान आली तशी रफीकभाईंनी खजूर तोंडात टाकला, पाणी पिऊन मोठा श्वास सोडला. मग मला म्हणाले, "साहेब, भोकं पाडून ठेवलीत कापलेल्या जागी. बोल्टची. कधी जोडावंसं वाटलं तर." जाताना हात धरून म्हणाले, "पहिले फोन करा."

ते तुकडे गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवले आहेत, अजून तिथेच आहेत. वर्षभरात विजूने त्यांच्यावर दोन वेळा चादर बदलली. केतकी पुण्यात एकटी राहते, भाड्याच्या घरात. वकिलाकडे जाणं-येणं चालू आहे. आता तिचा फोन रविवारची वाट बघत नाही. कामं करते, हसते, मला चिडवते, "बाबा, बांधा ना रेल्वे परत, मी काही तुमच्या बोगद्यात राहायला येत नाही." मी हो हो म्हणतो. टेप घेऊन खोलीत जातोही. नवा पलंग आणला आहे, कपाटाचं दार आता पूर्ण उघडतं. मी ते उघडतो, बंद करतो आणि परत येतो. हे दिवस संपेपर्यंत माझं असंच चालणार.

त्या संध्याकाळी रफीकभाई गेल्यावर मी खोलीतच फोन लावला. भुशाने हात भरलेले, नंबर दोनदा चुकला. केतकीने उचलला.

"केतू, खोली मोकळी केली. ये तू."

"म्हणजे? आणि रेल्वे?"

"कापली."

"कापली? बाबा, वेडे आहात का तुम्ही?" ती खरंच रागावली. "मी मागच्या आठवड्यातच भाड्याने घर घेतलंय इथे, वेगळं. आईला सांगणारच होते. एवढं केलेलं कशाला कापलंत? गाडी एकदा तरी धावली का?"

"नाही."

"मग कशाला?"

मी जे होतं ते सांगितलं. "तू आली होतीस आणि मी तुला काही विचारलंच नाही."

पलीकडे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "मग आता विचारा."

"काय झालं, केतू?"

फोन कट झाला की काय म्हणून मी तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

"बाबा," ती म्हणाली, "दीड वर्ष मी रोज आतून कडी लावून झोपत होते."

मी त्या फरशीवर खाली बसलो. विजू दारात येऊन उभी राहिली होती, तिला मी हाताने जवळ बोलावलं आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"बोल बाळा," मी म्हटलं. "आम्ही दोघंही ऐकतोय."